पांढऱ्या शर्टाची स्वारी

सकळ रंग अखंड ओले राहोत आणि कुंचल्यांस टक्कल न पडो. राजमान्य वाचकांचे हुजुरात विनंती ऐसी जे, थोरांच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या, कपाटापुढील लढाई कोणी लिहिली नाही. ती जैसी जाहली तैसी लिहितो, पदरचे तिखटमीठ लावीत नाही.

मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढणारी एक कन्या होती. बाळपणी तिने घरच्या तमाम भिंतींस ठिपके देऊन तो मुलूख काबीज केला, तेव्हापासून तिजला ठिपकी हा किताब. पुस्तके छापणाऱ्या एका कचेरीतून चित्रकाराचे जागेस तिजला मुलाखतीचे बोलावणे आले. पूर्वीच्या दोन स्वाऱ्या फसल्या होत्या. पहिलीस कोट घालून गेली, तो तेथील मंडळी चुरगळल्या सदऱ्यांत, आणि ही विमा विकावयास आली ऐसा समज जाहला. दुसरीस फाटकी जीन्स चढविली, तो समोर तिघेही टाय बांधून. आता तिसरीही फसली तर मामासाहेबांचे फरशीच्या दुकानी गल्ल्यावर बसावे, ऐसा करार मातोश्रींशी जाहला होता. ठिपके फरशीवरही असतात, परंतु ते यंत्र पाडते.

मग सकाळीच कपड्यांचे कपाट म्हणजे तोशाखाना उघडला आणि सारा सरंजाम पलंगावर उतरला. बंधुराज दादासाहेब बँकेत नोकर, त्यांची मसलत पडली की करडी पँट घालावी, इस्त्रीने माणसाची पत राहते. ठिपकीने फुलांचा झगा पुढे केला, तो पडदा दिसतो म्हणोन मातोश्रींनी माघारी लावला. मग काळा सदरा निघाला, तो शोकसभेचा ठरला. मग पिवळा निघाला आणि त्याची काख उसवलेली निघाली. मग लाल पायघोळ विजार निघाली आणि दादासाहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले. ठिपकीचे डोळे भरले. ते पाहोन मातोश्रींनी फर्मान काढिले, "पांढरा शर्ट, निळी जीन्स. संपला विषय! आणि आता कशाला हात लावू नकोस." आणि खुद्द इस्त्री हाती धरून शर्टावरील सुरकुत्यांची कत्तल केली.

निघावयास थोडका अवकाश होता, म्हणोन ठिपकीने चित्रांची फाइल उघडली, तो निळ्या हत्तीचा कान खुपला. मग कुंचला बुडविला आणि कान सावरला आणि नित्याप्रमाणे कुंचला डाव्या बाहीस पुसला. घरात एकच हाहाकार जाहला, मातोश्री गरजल्या,

"अगं कार्टे, तो कामाचा सदरा नाही!"

दादासाहेब ओल्या फडक्यानिशी कुमकेस धावले, तेणे डागाचा मुलूख दुप्पट जाहला. दुसरा पांढरा शर्ट घरात नव्हता आणि बस चुकत होती, मग फाइल बाहीवर ढालीसारखी धरून स्वारी कूच जाहली.

कचेरीत चित्रविभागाच्या मुख्य बाईसाहेब समोर बसल्या आणि त्यांनी आधी फाइलच मागितली. ढाल गेली, बाही उघडी पडली. बाईसाहेबांनी डागास बोट लाविले, ते निळे जाहले.

"हा आत्ताचा डाग आहे?"

ठिपकीस बहाणे पुष्कळ सुचले, परंतु तोंडी खरेच आले. "हत्तीचा कान चुकला होता. राहवलं नाही."

बाईसाहेबांनी फाइलीतून हत्ती बाहेर काढिला आणि बहुत वेळ पाहिला. ठिपकीस फरशा दिसो लागल्या.

"हा कान जमलाय. दुसरा अजून चुकलेला आहे. ते टेबल रिकामं आहे, करा बघू."

मग ठिपकी बसली आणि मुलाखत विसरली, मामासाहेब विसरली, शर्टही विसरली. कान सुधारला. कुंचला कोठे पुसला, ते शहाण्यांस सांगणे न लगे. बाईसाहेब हसल्या आणि हुकूम सुटला, "सोमवारपासून या. जुने कपडे घालून."

स्वारी घरी येताच मातोश्रींनी लेकीस पोटाशी धरिले आणि डोळे पुसले आणि मग म्हणाल्या, "आधी तो शर्ट काढ." शर्ट तीन पाण्यांतून काढिला, डाग हटला नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पांढरा शर्ट रणी कामी आला, सबब सोमवारी तोच अंगावर घालून ठिपकी कामावर रुजू जाहली, हे नमूद असो.