अकरावी ढेप

त्या दिवशी मी फक्त पाटावर बसायचं ठरवलं होतं. पुढे जे झालं, त्यात माझा काही दोष नाही.

झालं असं, की दोन वर्षं मी पूजा खुर्चीवर बसून करत होते. गुडघे! देव खाली पाटावर आणि मी वर खुर्चीत. घंटी वाजवताना मलाच वाटायचं, की मी तहसीलदार कचेरीत बसले आहे आणि गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा दाखल्यासाठी समोर उभे आहेत. सत्त्याण्णव सालच्या श्रावणात आमच्या कोपरीच्या घरी सत्यनारायण घातला, तेव्हा मनाशी म्हटलं, चंद्रभागे, पुरे झाला हा तोरा. आज खाली बसायचं.

बसले. बसायला कष्ट पडत नाहीत, पृथ्वी मदत करते. पाच अध्याय झाले, आरती झाली, आणि उठायच्या वेळी पृथ्वीने सहकार्य काढून घेतलं. भटजींनी एक हात धरला, आमच्या ह्यांनी दुसरा, आणि सासूबाईंनी मागून रेटा दिला. मी उठले. पाटही माझ्याबरोबर उठला, जरा वेळ तसाच चिकटून राहिला, आणि मग भटजींच्या पायावर पडला. (पुढच्या पौर्णिमेला भटजींना नेमकं परगावी जायचं निघालं.)

हे एवढंच म्हणाले, "उद्या डॉक्टर."

आता हे डॉक्टर म्हणजे खोकला-तापाचे नव्हेत. चार वर्षांपूर्वी त्यांनीच माझं पोट टाचलं होतं. तेव्हा मी एकशे आठ किलो होते आणि असलं ऑपरेशन कोपरीत कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेऊन त्यांनी माझ्या पोटाच्या पिशवीला आतून पिना मारल्या आणि वरच्या बाजूला वाटीएवढा कप्पा केला. दोन घासांत पोट भरायचं. दीड वर्षात मी अडुसष्टवर आले. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. समोरच्या घरातली, आमच्या भजनी मंडळातली आवडाबाई म्हणाली, "वहिनी, मागून तुम्ही तुमची सून वाटता." (मला सून नाही. तरी बरं वाटलं.)

मग लग्नाला आलेले पाहुणे पिशवी विसरली म्हणून परत यावेत, तसं वजन परत आलं. आधी एक किलो आला, मग त्याची भावंडं. सत्यनारायणाच्या सुमारास मी नव्याण्णव होते. मंडळात मात्र मी ब्याऐंशी सांगून ठेवलं होतं. अगदीच खोटं नव्हतं. मधल्या एका मार्चमध्ये होतेच की ब्याऐंशी.

डॉक्टर आठवड्यातून एकदा नौपाड्यात बसायचे. त्यांनी मला चुन्यासारखं पांढरं काहीतरी पाजून एक्सरे काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "पिना शाबूत आहेत. एकही सुटलेली नाही."

"मग वजन कशानं वाढलं?" ह्यांनी विचारलं. (यांना शंका होती, की हॉस्पिटलने पिना हलक्या वापरल्या.)

"ताई, गोड खाता?"

"छे हो. अजिबात नाही."

"काहीच नाही?"

"प्रसाद तेवढा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुठला प्रसाद?"

"सोमवारी शंकराचं दूध-साखर. मंगळवारी गणपतीचा मोदक, एकच, फार तर दोन. गुरुवारी दत्ताचे पेढे. शुक्रवारी गूळ-चणे, ते तर औषधीच असतात. शनिवारी मारुतीचं गोड नसतं, पण त्याच दिवशी एकादशी आली तर राजगिऱ्याचा लाडू होतो. आणि पौर्णिमेला शिरा."

"बुधवारी?"

"बुधवारी काही नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. "बुधवारी आम्ही मासळी खातो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, भाकरी तुमच्या त्या वाटीत अडकते. शिरा, पेढा, दूध घसरत खाली उतरतं. पिना त्याला अडवत नाहीत."

"देवाच्या प्रसादाला पिना कशा अडवतील?" मी म्हटलं. मला तर त्या पिनांचं कौतुकच वाटलं.

मग डॉक्टरांनी कागदावर पोटाची चार चित्रं काढली. पहिलं, परत पिना मारायच्या, जास्त घट्ट. दुसरं, पोटाला बाहेरून एक पट्टा बांधायचा, आणि सैल झाला की कातडीखालच्या बटणातून सुईने पाणी भरून घट्ट करायचा. तिसरं, आतडं कापून वरच्या कप्प्याला जोडायचं. म्हणजे जेवण गावात न शिरता बाहेरच्या रस्त्याने परस्पर पुढे जाणार. हे ऑपरेशन सगळ्यांत मोठं. चौथं चित्र काढलंच नाही, नुसतं तोंडाने सांगितलं. सगळं गोड बंद, रोज तासभर चालायचं, आणि तीन महिन्यांनी बघायचं. "सगळं म्हणजे प्रसादसुद्धा," असं माझ्याकडे बघून म्हणाले. "दसऱ्यापर्यंत कळवा."

चौथा पर्याय मी तिथल्या तिथे रद्द केला. देवासमोर हात पसरायचा आणि प्रसाद आला की मागे घ्यायचा? तोंड कुठे दाखवू?

परतताना रिक्षात कोपरीच्या पुलावर हे म्हणाले, "गेल्या वेळी तुझं मंगळसूत्र त्या नर्सनं माझ्या हातात दिलं. पाच तास शर्टाच्या खिशात घेऊन बसलो होतो. अजून तो शर्ट मी घालत नाही."

मला वाटत होतं तो शर्ट आटला म्हणून पडून आहे. मी रिक्षाच्या आरशाकडे बघत पदर डोळ्यांना लावला. मलाही ते सगळं परत नको होतं, त्या नाकातल्या नळ्या, ती तहान. पण पट्टा, पिना आणि बाहेरचा रस्ता यांतून काहीतरी घ्यायलाच हवं होतं. गुडघे तर आठवड्याला नवीन आवाज काढत होते.

घरी सभा भरली. माझी नणंद बायजा डोंबिवलीहून खास आली. ती फ्रिज घ्यायला आल्यासारखी बोलत होती. "दादा, जुन्याला रिपेरिंग परवडत नाही. पट्टाच घ्या. नवीन निघालाय ना? नवीनच घ्यावं."

"अगं, पोट आहे माझं."

"मग मी कुठं म्हणते परत करा?"

कोपऱ्यात माझ्या सासूबाई, मनुबाई, सुपारी कातरत बसल्या होत्या. मनुबाई म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बोललेली तुला केली काय गो?"

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंनी गावदेवीला नवस केला होता, सून सुखरूप घरी आली तर तिची तुला करीन, तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. पहिल्या वर्षी मला अशक्तपणा होता. दुसऱ्या वर्षी सुतक आलं. तिसऱ्या वर्षी मी चांगली बारीक होते, हे म्हणतही होते की उरकून टाकू, आणि मीच म्हटलं, अजून थोडी उतरते, मग करू. (देवीला कमी गूळ द्यायचा डाव होता असं काही नाही. थोडासा होता.)

"देवीनं वाट बगली, बगली," सासूबाई म्हणाल्या, "आन् घे म्हनली तुजा वजन परत. आदी तुला, मग काय ता कापाकापी."

मला ते पटलं. खरं सांगते, हायसंही वाटलं. देवी काहीतरी सुचवेल, तीनांतल्या एकावर बोट ठेवेल. प्रश्न एवढाच उरला, की तुला कोणत्या वजनाची? नवस बोलला तेव्हाच्या एकशे आठची, की आजच्या नव्याण्णवची? बायजाचं म्हणणं, एकशे आठचीच हवी, म्हणजे नवरात्रापर्यंत मला नऊ किलो वाढवावं लागेल. ती लगेच लाडवांना बेसन भाजायला उठली. ह्यांनी तिला खाली बसवलं आणि देवळातल्या भिवा गुरवांना विचारून आले.

"भिवा म्हणतो, देवीला माणूस बोललाय, आकडा नाही. त्या दिवशी पारड्यात जी बसेल ती."

अष्टमीला सकाळी देवळापुढच्या मांडवात विश्रामच्या लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मी बसणार, दुसऱ्यात दहा-दहा किलोंच्या गुळाच्या ढेपा. मी हिरवी नऊवारी नेसले, देवीचं नाव घेतलं आणि समोर बघितलं. भजनी मंडळ पहिल्या रांगेत बसलं होतं. टाळांसकट.

ब्याऐंशी! मी पार विसरले होते.

"आई," मी मनात म्हटलं, "नऊ ढेपांवर भागव. नववी ढेप गोणपाटासकट चढवली म्हणेन, काहीतरी सांगेन."

ढेपा चढायला लागल्या आणि बायका मोजायला लागल्या. पाच. सहा. सात. आठ. मी डोळे मिटले. नऊ. पारडं हललंही नाही. कुणीतरी खोकलं. दहा. पारडं थोडं कुरकुरलं आणि पुन्हा बसलं. (नऊवारी, चांदीचा छल्ला, आणि उपास म्हणून सकाळी घेतलेली वाटीभर खिचडी. हॉस्पिटलचा काटा हे काही धरत नाही.)

आवडाबाई शेजारणीला अगदी हळू म्हणाली. तिचं हळू म्हणजे माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत. "मी बारा धरल्या होत्या."

म्हणजे माझ्या ब्याऐंशीवर कुणाचा कधी विश्वासच नव्हता! इतके दिवस मी एकटीच तो आकडा सांभाळत होते.

तेवढ्यात भिवाने अकरावी ढेप ठेवली. ठेवली कसली, हातातून सुटलीच. ते पारडं दाणकन खाली गेलं आणि मी वर. लग्नानंतर मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. साखळी किंचाळली, मांडवाचा बांबू वाकला, माझे पाय हवेत, टाळ एकदम वाजायला लागले.

"आता माग गो, काय ता माग!" सासूबाई खालून ओरडल्या. "देवी आयकते!"

मागायचं होतं, पिना की पट्टा ते सांग. पण वर बांबू कडकडला आणि तोंडातून निघालं, "आई, मला खाली उतरव! मी गोड सोडते!"

भजनी मंडळाने टाळ मांडीवर ठेवले.

इथे एक सांगायला हवं. आजवर मी देवांना बरंच काही सोडलं आहे. शंकराला कारलं, विठ्ठलाला शेपू, आणि एका कठीण वेळी दत्ताला पडवळ. यांतलं मी आधीही काही खात नव्हते. देवांनी कधी हरकत घेतली नाही. आवडीची वस्तू सोडायची माझी ही पहिलीच वेळ, आणि तीही दीडशे माणसांसमोर, टांगलेल्या अवस्थेत.

"गोड म्हणजे गूळ, साखर दोन्ही?" भिवाने खालून नीट विचारून घेतलं.

"दोन्ही! उतरव!"

"आणि प्रसाद?"

मी देवीकडे बघितलं. देवी आपली नेहमीसारखी हसत होती. बांबू परत बोलला.

"प्रसाद कपाळाला लावीन आणि ह्यांना देईन!"

मला उतरवलं. ह्यांनी दोन्ही हातांनी धरून मला पारड्यातून बाहेर काढलं आणि किती वेळ तरी हात सोडलाच नाही. "पिना नको, पट्टा नको," कानात म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कपाटातला शर्ट इस्त्रीला टाकला.

डॉक्टरांना फोन केला तर ते खूश. म्हणाले, चौथा पर्याय निवडणाऱ्या तुम्ही माझ्या पहिल्या पेशंट. ऑपरेशन तीन महिने पुढे ढकललं.

मी नेमानं चालायला लागले. संध्याकाळी गावदेवी, मग मारुती, मग शंकर, मग दत्त. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं टेकायचं, कारण देवाला पाठ दाखवून लगेच निघणं बरं दिसत नाही. हे सोबत यायचे, पण यांना देवळात बसवत नाही. मी आत जप करीपर्यंत हे बाहेर येरझाऱ्या घालायचे. घरात साखर नाही, गूळ नाही. मी एकटीच बिनसाखरेचा चहा कशी पिणार, म्हणून हेही तसाच पीत. आणि देवळातला प्रसाद मी कबूल केल्याप्रमाणे यांच्या हातावर ठेवला, की हे तो बाहेरच्या गाईला घालत. "मलाही जरा बघू दे जमतं का," म्हणायचे.

संक्रांतीपर्यंत माझे पाच किलो उतरले. उठताना आता एकच माणूस लागतो. डॉक्टर म्हणाले, कापायचं नाही, असंच चालू द्या. मी देवीची ओटी भरली आणि आनंदाने हळदीकुंकू केलं. तिळगूळ सगळ्यांना वाटला, स्वतः कणभरही तोंडात टाकला नाही. वाटलं, आता कुणीतरी विचारेल, वहिनी, केलंत तरी काय?

आणि आवडाबाईने खरंच मला बाजूला घेतलं. दारातून हे आत येत होते. पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडूनही पँट हाताने धरलेली, गाल बसलेले, चांगले चौदा किलो उतरलेले.

"वहिनी, राग मानू नका," ती हळूच म्हणाली, म्हणजे सगळ्या बायकांना ऐकू गेलं. "दादांचं पोटाचं ऑपरेशन ज्या डॉक्टरने केलं ना, तुम्ही पण त्यालाच दाखवा. तुमच्या डॉक्टरपेक्षा त्याचा हात चांगला दिसतो."