खरेपणाची पूर्वतयारी

आमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला केवळ गुण, शिफारसपत्रे आणि इंग्रजी यांच्या जोरावर प्रवेश मिळत नाही. तो खराखुरा विद्यार्थी आहे, अशी खात्री पटावी लागते. ती पटवून घेण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. त्यासाठी पंधरा मिनिटांची व्हिडिओ मुलाखत असते आणि एक तक्ता असतो.

केनियाच्या चेबेट किरुईने भूजलशास्त्रासाठी अर्ज केला होता.

"हेच विद्यापीठ का?" मी विचारले.

"सर, आमच्या गावच्या विहिरीत फ्लोराइड आहे. पोरांचे दात तपकिरी होतात, पुढे हाडं वाकतात. तुमच्या डॉक्टर एल्सवर्थनी त्यावर बारा वर्षं काम केलंय. माझेच दात बघा ना!"

तक्त्यात दातांसाठी रकाना नव्हता. उत्तर मात्र एका दमात आले होते, आणि खरा माणूस अडखळतो असे नियमावलीत स्पष्ट आहे. मी 'पाठ केलेले' या चौकोनात खूण केली. असे उत्तर नोंदीत धरत नाहीत.

आमच्या विभागप्रमुख ग्लेनिस हॉर्सफॉल यांनी चहा पीत चित्रफीत पाहिली. "अगंबाई, किती माहिती हिला! हा एल्सवर्थ आपल्याकडे आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? काहीतरी काळंबेरं आहे बघ."

तरी उदार मनाने दुसरी संधी दिली. या खेपेला बिचारी साधेपणाने बोलायला गेली. "खरं सांगू, सर? या विषयातलं दुसरीकडे कुणी सापडलंच नाही. शिवाय माझी मावशी तुमच्याच गावात नर्स आहे."

'स्थानिक नातेवाईक. मायदेशी परतण्याविषयी शंका.' मी खूण केली.

"मग बोलू तरी काय?" तिचा आवाज चढला. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! नोकरी सोडून बसलेय हो मी!"

"ते मी सांगू शकत नाही. सांगितलं, तर ते पाठ केलेलं होईल."

यावर उपाय म्हणून आमची 'उत्स्फूर्त उत्तरे' ही कार्यशाळा आहे. ग्लेनिसबाई स्वतः शिकवतात. तीन सेकंद शांतता, एकदा छताकडे नजर, मग उत्तर.

तिसऱ्या मुलाखतीत चेबेटने छताकडे पाहिले. "अं... तुमच्या शहराचं... म्हणजे... ते चैतन्य."

शहरातले शेवटचे नाट्यगृह मार्चमध्येच बंद झाले होते. ग्लेनिसबाईंचे डोळे मात्र पाणावले. "मनापासून बोललं ना, की लगेच कळतं रे!"

ते वाक्य आता माहितीपुस्तिकेत चेबेटच्या फोटोखाली आहे. फोटोत तिचे तोंड मिटलेले आहे. छायाचित्रकाराने तशी विनंती केली होती.

सप्टेंबरात प्रवेश घेऊन ती आमच्या कचेरीच्या खिडकीशी आली. "सर, डॉक्टर एल्सवर्थ कुठे बसतात?"

त्यांची जागा जुलैच्या नोकरकपातीत गेली होती, तसे मी सांगितले. एकाही अर्जदाराने त्यांचे नाव घेतल्याची नोंद नव्हती.

तिने हातातली माहितीपुस्तिका मिटून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही का आलात हो इथे नोकरीला?"

"उच्च शिक्षणाविषयीची तळमळ," मी न अडखळता म्हणालो. माझे घर इथून सात मिनिटांवर आहे.

हसू नका. 'आमचीच संस्था का?' या प्रश्नाला तुम्ही तुमच्या मुलाखतीत काय उत्तर दिले होते? आठवा, तीन सेकंद देतो. छताकडे पाहिलेत तरी चालेल.