आधी सांधा, मग काटा

धाकूमामा घरात आले की रामराम न्हाय, पानी न्हाय, आधी माज्या पाळन्याची दोरी दोन्ही हातांनी वढून बघायचे. आत पोर निजलेली. माजा जीव नुसता वर-खाली. मी म्हनायची, मामा, उठंल की ती. तर म्हनायचे, "उठू दे. पडन्यापरीस बरं."

शेजारीच ऱ्हायचे, एकटे. उरनच्या खाडीवर कौलांचा कारखाना हाय, तिथं भट्टीच्या तारा त्यांच्याकडं. भट्टी किती तापली ते आत हात घालून कोन बघनार? म्हनून भिंतीतून दोन येगळ्या जातीच्या तारा आत खुपसलेल्या, आतली टोकं एकमेकांना जोडलेली, बाहेरची टोकं पार सायबाच्या खोलीत काट्याला. काटा दावंल तसा कोळसा टाकायचा. समद्यांचा इस्वास काट्यावर, मामांचा न्हाय. म्हनायचे, काटा बिचारा काय करंल, सांधा सांगतो तेच त्यो बोलतो. "आधी सांधा बघा, मग काटा." खाऱ्या वाऱ्यानं तारा हिरव्या पडायच्या, तर मामा रोज एकेक सांधा देवाच्या पितळंवानी घासत बसायचे.

मग बाहेर पन तीच सवय. जोड दिसला की वढायचा. रहाटाचा दोर, दाराची कडी, कोनाच्या टोपलीचा कान. मुकादमाच्या पोरीच्या लग्नात तर नवरानवरीच्या शेल्याची गाठ वढली, आन ती सुटली! बायका काय काय बोलल्या. मामा आपले शांत. "ढिली व्हती. आजच कळलं ते बरं."

आमी म्हैनाभर हसत व्हतो. आमचे ह्ये तर सगळ्यांत जास्त. ह्ये भट्टीवर कोळसा टाकायला.

मग एक दिस मामा तापानं दुपारीच घरी आले, आन सांजच्याला तिथं तार तुटली. जोडाया तुकडा कमी पडला. त्याच जातीची तार पायजे, दुसरी लावली की काटा कमी दावतो, ह्ये मामांनी शंभरदा सांगितल्यालं. ह्यांनी साधी तांब्याची तार लावली, भट्टीच्या अंगालाच. घरी येऊन हसत सांगितलं, म्हातारा उगाच मोठेपना करतो, काटा हालतोय की.

दुसऱ्या दिशी जेवाया आले तर म्हनाले, सकाळधरनं कोळसा वततोय, काटा वर जाईना, सायेब म्हनतो आनखी टाका. जेवून परत गेलेसुदा. सांगावं तर ह्यांची नोकरी, न सांगावं तर ह्ये भट्टीच्या त्या इटांच्या कमानीखाली, आन ती जास्त तापली की ढासळनार. पोर कडंवर घेतली, पळत मामांच्या दारात गेले, एका दमात समदं सांगितलं. मामा तापात तसेच उठले, अनवानी पळाले. मी मागनं.

त्यांनी काटा बघितलाच न्हाय. समद्यांना शिव्या घालून भट्टीपासनं हाकललं. शेवटी ह्यांना ढकललं, आन कमान खाली आली. मानसं वाचली. मामांचा उजवा हात भाजला, कोपरापत्तर.

सायबानं तार बघितली. कोनी लावली म्हनून इचारलं. ह्ये खाली बघत.

मामा म्हनाले, "मीच. काल जायच्या आधी. तापात ध्यान ऱ्हायलं न्हाय."

तिथंच कामावरनं काढलं त्यांना, कारखान्याची खोली पन सोडाया सांगितली. ह्ये काय बोलले न्हाईत. मी पन न्हाय.

सकाळी मामा गाठोडं घेऊन दारात आले. उजवा हात फडक्यात. पाळन्यापाशी उभे ऱ्हायले, डाव्या हातानं दोरी धरली आन सोडली.

"एका हातानं कळत न्हाय, पोरी. तू वढ."

मी वढली.

"आनखी. माजी पोर पडली व्हती."

मी सगळा जोर लावला. पोर जागी झाली, रडली. दोरीची गाठ हालली न्हाय. मामांनी मान डोलवली आन गेले. ह्ये आत भिंतीकडं तोंड करून बसल्याले, बाहेर आले न्हाईत.