चांदणीला काळं करडू झालं तेव्हा

स्वतःच्या शिकवण्याबद्दल आपण बोलू नये, पण दुसरं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो: खर्डा गावात आनुवंशिकता माझ्याइतकी सोपी करून कुणीच शिकवत नाही! आमच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक मी एकटाच आहे, हा मुद्दा वेगळा.

पेशी, केंद्रक, गुणसूत्रं इथपर्यंत दहावीचा वर्ग शहाण्यासारखा चालला होता. मेंडेलचे वाटाणे आले आणि मागच्या बाकापासून जांभया सुरू झाल्या. जांभई पुढच्या बाकापर्यंत पोचली तेव्हा मी खडू खाली ठेवला.

"वाटाणा राहू द्या. शेळी घेऊ!"

वर्ग ताडकन जागा झाला. जया म्हणाली, "सर, आमची चांदणी गाभण हाय. आजीनं रामहरीकाकाच्या राजाकडं नेली होती."

चांदणी पांढरी. रामहरीचा संगमनेरी बोकड राजा, तोही पांढरा. याहून चांगलं उदाहरण मेंडेललाही मिळालं नसतं!

"हे बघा," मी म्हणालो, "प्रत्येक गुणाची दोन जनुकं. एक आईकडून, एक बापाकडून. प्रभावी जनुक दिसतं, अप्रभावी दडून बसतं. सरपंच बोलत असला की उपसरपंच असतो, पण दिसत नाही, तसं! वाटाण्यात जांभळं फूल प्रभावी, पांढरं अप्रभावी. म्हणजे शेळीतही काळा प्रभावी, पांढरा अप्रभावी. काळं अंगात असतं तर दिसलंच असतं!"

फळ्यावर चौकट काढली. चारही घरांत पांढरं करडू. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला, कारण त्या भरात मी बोलून गेलो, "करडं पांढरीच होणार! काळं निघालं तर समजा, बाप दुसरा!"

पुढच्याच आठवड्यात चांदणी व्याली. एक करडू पांढरं. दुसरं काळं. साधं काळं नाही, तव्याच्या बुडानं शरमावं असं काळं!

जयाला एरवी केंद्रकाची व्याख्याही आठवत नाही. पण माझं ते शेवटचं वाक्य तिनं घरी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं.

दोन दिवसांनी सकाळी दार वाजलं. शबनमनं, म्हणजे आमच्या बायकोनं, दार उघडलं आणि आत येऊन म्हणाली, "भीमामावशी आल्यात. हातात काठी आहे."

"मास्तर!" जयाची आजी अंगणातूनच कडाडली. "माझ्या चांदणीवर आळ घेता? ती खुट्यावरनं हलत न्हाई! कुनाकडं मान वर करून बघत न्हाई!"

"मावशी, मी तुमच्या चांदणीबद्दल..."

"फळ्यावर लिवलं तुमी! समद्या पोरांनी बघितलं!"

तेवढ्यात रामहरी आला. त्याचा चेहरा तर घरात मयत झाल्यासारखा.

"मास्तर, माझं वाटोळं केलं! परवापासून राजाकडं एक शेळी न्हाई आली. लोक म्हनत्यात, राजाकडं न्यावी आन करडू पुंजारामचं व्हावं!"

पुंजाराम म्हणजे भीमामावशीचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याचा भैरू नावाचा काळा बोकड कुंपणावरून उड्या मारतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. काळं करडू बघताच मावशीनं सगळा राग पुंजारामवर काढला होता. तिच्या बोअरवरून त्याच्या हौदाला जाणारा पाइप तिनं उपसून टाकला. पुंजारामही काही कमी नाही. मावशीचा मुलगा-सून ऊसतोडीला गेले की रात्री त्या घरावर लक्ष ठेवायचा तोच. त्यानं निरोप धाडला, "राखन तुमची तुमी करा!" इतक्या वर्षांचा शेजार माझ्या एका चौकटीनं उभा फाडला होता.

शेवटी पुंजारामही आला, पण मिशीत हसत.

"मास्तर, करडू भैरूचं असंल तर मग ते माझंच की! देऊन टाका म्हनावं."

"तंगडी मोडीन!" मावशीनं काठी उचलली.

"थांबा!" मी ओरडलो. "शास्त्रालाच विचारू!"

माझा कॉलेजातला मित्र फराज जनावरांचा डॉक्टर आहे. त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शास्त्राचं मत सगळ्यांना ऐकू जावं, हा हेतू! सगळी हकिगत सांगितली. पलीकडून आधी नुसतं हसणं आलं. मग शब्द आले.

"अरे गाढवा! वाटाण्याचा नियम शेळीला लावलास? शेळीत बहुधा पांढराच प्रभावी असतो! काळा दडून बसतो. दोन पांढऱ्यांच्या पोटी काळं करडू होतं की! मुजफ्फर, तू पोरांना काय शिकवतोस रे?"

फोन बंद करायला माझं बोट सापडेना.

मग मी कोळसा घेतला आणि आमच्याच भिंतीवर नवी चौकट काढली. शबनमनं ती भिंत नुकतीच रंगवून घेतली होती. तिच्याकडे मी बघितलंच नाही.

"चांदणीच्या अंगात काळं दडलेलं. राजाच्याही अंगात काळं दडलेलं. दोघांचं दडलेलं एकत्र आलं की हे चौथं घर काळं!"

"म्हंजे माझ्या चांदणीचा..."

"काही दोष नाही, मावशी!"

मावशीनं पदर डोळ्याला लावला. रामहरीची छाती एकदम फुगली. पुंजारामचं हसू तेवढं मावळलं.

"म्हंजे माझा भैरू?"

"त्याचा काही संबंध नाही."

"बघा!" तो लगेच उसळला. "गरीब मुकं जनावर, उगा बदनाम केलं!"

मावशी काठी भिंतीला टेकवून पुंजारामला म्हणाली, "चुकलं अन्ना. पाइप जोडून घ्या. आन च्याला या."

"येतो की," पुंजाराम म्हणाला. "आन राखनीचं बोल्लो ते रागात बोल्लो. इसरून जा."

खरं तर चौकट 'होऊ शकतं' एवढंच सांगते, 'झालं' असं सांगत नाही. भैरूच्या उड्यांबद्दल तर ती काहीच बोलत नाही. पण तीन माणसं पुन्हा हसायला लागलेली असताना हा मुद्दा मी मुकाट गिळला.

राजाच्या मोबदल्यात आधीच ठरल्याप्रमाणं पांढरं करडू रामहरीनं नेलं. काळं मावशीनं ठेवलं आणि ज्याच्यापायी एवढं रामायण घडलं त्याचंच नाव त्याला दिलं. त्यामुळे रोज संध्याकाळी गल्लीत तिचा खणखणीत आवाज घुमतो, "मास्तर! अय मास्तर! लोकांच्या दारात लेंड्या टाकतो व्हय? चल घरी!"

करडू ढिम्म हलत नाही. मी मात्र दरवेळी "आलो, मावशी!" म्हणून उठतो.