सुखदेवकाकांचं अडलेलं गाणं

सुखदेवकाकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं आणि मी ते सांगताच बोटांवर मोजलं.

"वि, ना, य, क. पाच मात्रा," ते म्हणाले. "अडनीड हाय. तुमाले मी भाऊच म्हनतो." माझा चेहरा बहुतेक उतरला असावा, कारण लगेच त्यांनी समजूत काढली, "मनाले लावून घेऊ नका. माझंबी पाचच हाय."

मी मोताळ्याजवळच्या या गावात शाळेचा बाबू म्हणून बदलून आलो होतो आणि काकांच्या मळ्याला लागून असलेली खोली भाड्याने घेतली होती. दोन एकरांचा भाजीचा मळा, एक विहीर, विहिरीशेजारी टिनाच्या छपराची खोली आणि त्या खोलीत मोटरीच्या स्टार्टरशेजारी ठेवलेली हार्मोनियम. भाजीवाल्याच्या मळ्यात पेटी कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. मला चौकशीची खोड आहे. बायको म्हणते, तुम्ही लोकांच्या लग्नपत्रिकासुद्धा पाठीमागून वाचता.

चौकशीअंती कळलं की हा माणूस संगीत नाटकं लिहितो. एकदोन नव्हे, आजवर बत्तीस वर्षांत अकरा. गोष्ट यांची, पदं यांची, चालीही यांच्याच. नाटक दर तीन वर्षांनी गावच्या यात्रेत व्हायचं, मग आजूबाजूच्या चारदोन गावांतून बोलावणं यायचं आणि पडदा गुंडाळून पुन्हा वांग्याची लागवड सुरू. काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या दाऱ्यावर उभे असायचे तेव्हा हा माणूस रंगभूमीची सेवा करतोय असं कोणाच्या बापालाही वाटलं नसतं. त्यांनाही तसं वाटत नसे. "सेवा कायची? चाल सुचते तं ठेवाव कुठं?" असं ते म्हणत.

सिनेमाच्या चालीवर गाणं बांधणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "उसनी चाल म्हंजे दुसऱ्याचे चप्पल घालून लग्नाले जानं. सारं लक्ष चपलेतच." एकदा एका स्पर्धेत परीक्षकांनी त्यांना सांगितलं, की तुमच्या पदांना मातीचा वास आहे. काका म्हणाले, "माती नाई साहेब, शेनखत हाय." बक्षीस दुसऱ्याला मिळालं.

पण काकांची खरी गंमत त्यांच्या कामाच्या पद्धतीत होती. त्यांना चाल आधी सुचायची. पाणी देताना, वाफा भरता भरता ती यायची. शब्द मात्र यायचे पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. तोवर चाल विसरू नये म्हणून त्यात भाज्या भरायच्या. "ढोर दाव्यानं बांधतेत, चाल भाजीनं," असा त्यांचा सिद्धांत. आणि भाज्या सांगायच्या कौसल्याकाकूंनी. काका वाफ्याच्या या टोकाला गुणगुणत आणि त्या टोकाला भेंडी तोडणाऱ्या काकू मान वर न करता म्हणत, "तिथं दोडके टाका." काका दोडके टाकत. "नाई बसत वं." "मंग गवार टाका." गवार बसायची. मी खिडकीतून ऐकत असे. काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या, मात्रा हा शब्द त्यांना नवऱ्यामुळेच माहीत, पण कुठे कोणती भाजी बसेल ते त्यांना काकांच्या आधी कळायचं.

पुढे पुढे गावच्या नाटकमंडळाने मला प्रॉम्प्टर केलं. अक्षर चांगलं आणि संध्याकाळी काम नाही, एवढ्या दोन पात्रता पुरल्या. त्या वर्षीचं नाटक ऐतिहासिक होतं. सरदाराच्या भूमिकेत पुंजाजी, गावातला पिठाच्या गिरणीचा मालक. आवाज गिरणीवर मात करून तयार झालेला, त्यामुळे माईक लागत नसे. लढाईला निघालेला सरदार पत्नीचा निरोप घेतो, असं पद होतं. त्याचे शब्द काकांना यात्रेच्या चार दिवस आधी सुचले. तोवर महिनाभर पुंजाजीने तालमी भाजीवरच केल्या होत्या.

प्रयोगाला पुंजाजी तलवार उपसून पुढे आला. मी विंगेतून सांगितलं, "रणी निघालो, निरोप दे ना." पुंजाजीने माझ्याकडे पाहून मान डोलावली, डोळे मिटले आणि सुरू केलं:

"मुळा नि कांदा, गवार मेथी..."

मी घसा ताणून शब्द सांगत होतो. पुंजाजीला वाटत होतं मी दाद देतोय. सरदाराच्या पत्नीचं काम करणाऱ्या अंगणवाडीच्या वैशालीताईंनी पदर तोंडाला लावला, तो शेवटपर्यंत काढला नाही, आणि मागच्या लोकांना वाटलं बाई काय रडतेय. हसू पहिल्यांदा फुटलं बायकांच्या बाजूला, आणि तिथे मधोमध कौसल्याकाकू बसल्या होत्या. मग सगळा मांडव हसला आणि वन्समोअर आला. पुंजाजीने पुन्हा म्हटलं. पुन्हा भाजीच, आणि या खेपेला जास्त गहिवरून.

मला वाटलं काका आता पुंजाजीला फाडून खातील. काका शांतपणे पेटी बंद करत म्हणाले, "शब्दायच्या आधी चाल पोचली लोकायले. अजून काय पाह्यजे?"

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने पुण्याला त्यांच्या मुलाला मुलगा झाला. सूनही नोकरीवाली. काकू तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. दिवाळीला आठ दिवस आल्या, तेही नातवाच्या मागे धावण्यात गेले. यात कोणाची चूक काढावी असं काही नाही. नातू गोड आहे, मुलगा आईला जपतो, सून सासूला चहा हातात देते. फक्त मळ्यात सकाळी एकच माणूस गुणगुणताना ऐकू यायला लागला, आणि मध्येच थांबताना.

मी शेजारधर्म म्हणून काकूंची जागा भरून काढायचा प्रयत्न केला. एकदा काका वाफ्यात अडले तेव्हा मी खिडकीतून ओरडलो, "ब्रोकोली टाकून बघा." काकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "भाऊ," ते म्हणाले, "भाजी तोडता तोडता सुचाव लागते. तुमी यादी वाचून राह्यले." मी खिडकी लावून घेतली.

मग फोन आला. म्हणजे मुलाने काकांना मोठा फोन घेऊन दिला. फोनवर बोलणं ही काकांना न जमलेली एकमेव कला. मी अनेकदा ऐकलंय. "जेवली? हाव. पोरगं बरं हाय? हाव. ठेवतो." संपलं. एवढं बोलूनही माणूस घामाघूम. नाटकात दहा दहा ओळींचे संवाद लिहिणारा हा गडी बायकोशी फोनवर एक वाक्य सरळ बोलू शकत नव्हता. पण चाल अडली की तोच माणूस फोन स्पीकरवर टाकून विहिरीच्या कठड्यावर मांडी घालून बसे आणि तासभर हलत नसे. पुण्याहून काकू नातवाला भरवता भरवता सांगत, "तिथं पालक टाकून पाहा."

यंदा बारावं नाटक. विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांची गोष्ट. गाणी नऊ. त्यातली आठ झाली, बसली, तालमीत घोळवलीसुद्धा. नववं मात्र अडलं. भांडणाला कंटाळून थोरली वहिनी घर सोडून निघते, तेव्हाचं तिचं पद. तिसऱ्या अंकाचा सगळा भार त्याच्यावर, आणि त्याचा एक शब्द तयार नव्हता. दोन महिने झाले. काका रोज पुण्याला फोन लावत होते, रोज भाज्या बदलत होत्या आणि मंडळी विचारायला गेली की काका म्हणत, "बसून नाई राह्यलं."

यात्रा आठ दिवसांवर आली. वहिनीचं काम वैशालीताईंकडे. त्या मला शाळेत येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा काकाले. मले पाठ कवा होईन? पुंजाजीसारखी भाजी गाऊ का मी स्टेजवर? लोकं तं तेच मांगून राह्यले." पुंजाजीचं मत पडलं, की काका आता थकले, गाणं काढूनच टाकू. ते ऐकून मला वाईट वाटलं. शेवटी ठरलं की मी जाऊन निदान पहिली ओळ तरी घेऊन यायची.

मी दुपारी मळ्यात गेलो. लाईन नुकतीच आली होती, मोटर सुरू होती आणि काका लांब मेथीच्या वाफ्यात पाणी देत होते. त्यांनी हातानेच बसा म्हटलं. मी टिनाच्या खोलीत बसलो. पेटीवर वही होती. आता वही समोर असताना ती न उघडणारा मी नव्हे.

पहिलंच पान उघडलं आणि तिथे वहिनीचं पद होतं. पुरं. दोन कडवी, एक खाडाखोड नाही.

मीठ फळीवर, तेल कोनाड्यात, दिवा लावशील ना?
मी नसताना भूक लागली, सांगशील रे कोणा?

मी पानं उलटली. बाकीची आठ गाणी त्याच्यानंतर लिहिलेली होती. म्हणजे जे गाणं दोन महिने अडलं होतं, ते सगळ्यात आधी झालं होतं. मी मान वर केली. समोर फळी होती, फळीवर मिठाची बरणी. कोनाड्यात तेलाची बाटली. काकू गेल्यापासून काकांचा स्वयंपाक इथेच होता. मला माझीच लाज वाटली आणि मी वही होती तशी ठेवून दिली.

काका हात धुऊन आले, मला चहाचं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत फोन लावला. स्पीकरवर.

"काय करून राह्यली वं?"

"पोराले झोपवून राह्यलो. बसलं का?"

"नाई ना. दुसऱ्या ओळीतच अडून राह्यलं."

"अंबाडी टाकून पाहा."

काकांनी अंबाडी टाकून पाहिली. मी चपलेकडे बघत बसलो. "लांब पडते," ते म्हणाले. "मंग चवळी?" चवळीही टाकून पाहिली. त्यांचा चेहरा वाफा भरत आल्यावर होतो तसा झाला होता. तेवढ्यात बाहेर पाट फुटला आणि पाणी लसणात शिरलं. काकांनी फोन माझ्या हातात दिला, "भाऊ, बोला हिच्याशी, मी पानी वळवून येतो," आणि फावडं घेऊन पळाले.

काकूंनी आधी माझ्या मुलांची चौकशी केली. मग आवाज खाली आणला. "भाऊ, ते गेले का?"

"गेले."

"गाणं झालं ना त्याइचं?"

खोटं बोलावं तर ते जमत नाही, खरं बोलावं तर कोणाचं म्हणून बोलू?

"तुमी चूप झाले म्हंजे झालंच हाय," काकू म्हणाल्या. "बत्तीस वर्सं झाले, पाह्यतो ना मी. त्याइचं गाणं महिन्यावर नाई अडत. दोन महिने कोनतं अडते?"

"मग तुम्ही रोज भाज्या कशाला सांगता?"

पलीकडे नातू कुरकुरला, त्याला थोपटल्याचं ऐकू आलं.

"गाणं झालं म्हनलं तं मंग ते फोन काऊन करतीन? जेवली, हाव, ठेवतो. येवढंच येते त्याइले. अन् मलेबी येवढंच येते."

बाहेर काका चिखलात वाकून पाट बांधत होते. मी म्हटलं, "काकू, पण यात्रा आठ दिवसांवर आलीय. तिकडे पुंजाजी गाणं काढून टाकायला निघालाय. वैशालीताईंनी करायचं काय?"

"कडवे किती हायेत?"

"दोन."

"मंग त्याइले म्हना, असन तेवढं पोरीले द्या," काकू म्हणाल्या, "अन् तिसरं मांगा."

काका आले. पाय चिखलाने भरलेले. त्यांनी फोन घेतला, "ठेवतो वं," म्हणून ठेवलाही. मी उठून उभा राहिलो आणि भिंतीकडे बघत बोललो. "काका, मंडळाचं म्हणणं आहे, गाणं जेवढं असेल तेवढं वैशालीताईंना द्या. पण वहिनी सामान बांधणार, दारापर्यंत जाणार, मागे वळून बघणार. तेवढं दोन कडव्यांत उरकणार नाही. तिसरं पाहिजे. सवडीनं दिलं तरी चालेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. कडवी दोन आहेत हे मला कसं कळलं ते त्यांनी विचारलं नाही. पायजम्याला हात पुसले, वहीतलं मागचं एक कोरं पान फाडलं आणि पहिलं पान न उघडता दोन्ही कडवी घडाघडा लिहून माझ्या हातात दिली.

"तिसरं कठीन हाय पन," ते म्हणाले.

"असणारच," मी म्हटलं.

मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा ते कठड्यावर मांडी घालून बसले होते. फोन लागला.

"अवं, पोरगं झोपलं ना? मंग बस जराशीक. हे लोकं आता तिसरं कडवं मांगून राह्यले."