फळ्यावरची करवंदीची जाळी

एका जंगलात, बाळांनो, मी वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवून तासभर उभा होतो. माझी पापणी हलली नाही. वाघाचीही हलली नाही, कारण तो फाटकावरच्या पाटीवर रंगवलेला होता.

तर त्याच फाटकावर एक फळा होता. जंगल बघायला येणारी माणसं आपण काढलेले फोटो त्यावर लावून जायची. निम्मा फळा बाजीगर नावाच्या वाघानं अडवला होता. बाजीगर झोपलेला, बाजीगर जांभई देताना, बाजीगरची नुसती शेपटी. उरलेल्या जागेत मोर, सांबर आणि पार कोपऱ्यात एका अस्वलाचा मेहुणा, भुसक्या.

ते अस्वल मात्र फळ्यावर कुठंच नव्हतं.

"माझा भाऊ नुसता पाणी पीत होता, तरी फळ्यावर गेला," अस्वलीण म्हणायची. "तुम्ही बसा जन्मभर वारुळं उकरत."

अस्वलाला झोंबलं. सगळ्या सासरवाडीसमोर त्यानं शब्द दिला, "पोराच्या बारशाआधी फळ्यावर दिसलो नाही, तर पोराला तुझ्या भावाचं नाव ठेव!"

फोटोवाली माणसं जंगलात पायी यायची आणि मुक्यानं चालायची. कपडे पाचोळ्याच्या रंगाचे, तोंडावर बोट. पण एकमेकांना गप्प करायला ती इतक्या जोरात 'शूऽऽ' करायची, की साप बिळातून डोकं काढून विचारायचा, "कुणी बोलावलं का मला?"

त्यांचा वाटाड्या होता लटारू. त्याची विद्या एकच. वानर 'खॉक खॉक' ओरडलं, की तिकडं वाघ. मग सगळे तिकडं पळायचे. अर्थात चवड्यांवर.

अस्वल शेपट्या वानराकडं गेलं.

"उद्या मी करवंदीच्या जाळीपुढं उभा राहतो. तू वाघाची हाक दे."

"खोटी हाक? हरणं वाळीत टाकतील मला!"

"मधाचं पोळं देईन."

"अख्खं?"

"अख्खं."

"हरणांचं काय, विसरतात ती," शेपट्या म्हणाला.

सकाळी अस्वल ओढ्यात डुंबून आलं. छातीवरचा पांढरा चांदवा चाटूनपुसून लख्ख केला. मागच्या पायांवर उभं राहिलं आणि पोट आत घेतलं. वरून शेपट्या ओरडला, "खॉक! खॉक!"

माणसं आली. सर्वांत पुढं सोनटक्केसाहेब, हातात तोफेएवढा कॅमेरा. अस्वल गोड हसलं.

"शूऽऽ! मधेच अस्वल आलंय," साहेब कुजबुजले. "सरकेल का रे ते?"

"सरकंल ना, सायेब. अस्वल असं उभं झालं म्हंजे मांगं वाघ हायच. जाळीत बसला असंल."

सगळे कॅमेरे अस्वलाच्या खांद्यावरून जाळीवर रोखले गेले. अस्वलानं डावी बाजू दाखवली. उजवी दाखवली. शेवटी हातसुद्धा हलवला.

एक बाई कळवळून म्हणाल्या, "अरे, बाजूला हो ना रे राजा, काही दिसत नाहीये."

अस्वल जात्याच भिडस्त. ते बाजूला झालं.

धडाधड फोटो निघाले. बाजीगर त्या वेळी फाटकापाशी पाटीच्या सावलीत घोरत होता.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या मधोमध भला मोठा फोटो लागला. करवंदीची जाळी. खाली लिहिलेलं, 'बाजीगर, जाळीच्या आत.' येणारा-जाणारा थबकून म्हणायचा, "काय रुबाब आहे!"

अस्वलानं बायकोला तिथं नेलं. फोटोच्या कडेला काहीतरी काळं होतं, त्यावर नख ठेवून म्हणालं, "हे बघ. माझं कोपर."

"सावली आहे ती," अस्वलीण म्हणाली.

बारसं थाटात झालं. पोराचं नाव भुसक्या ठेवलं. मेहुण्यानं जंगलभर मोहाची फुलं वाटली.

तात्पर्य : बाळांनो, दिसायची हौस असेल, तर चुकूनही समोर उभे राहू नका. जो जाळीतसुद्धा नसतो, त्याचाच फोटो मोठा लागतो.

हे तात्पर्य मी अस्वलीणबाईंना वाचून दाखवलं. पाठ थोपटतील म्हणून जरा पुढं वाकलोही. त्या म्हणाल्या, "वाघाचं नाव लिहिलंत, वानराचं लिहिलंत, माझ्या भावाचं तर दोनदा लिहिलंत. ह्यांचं नाव मी घेत नाही, तशी रीतच आहे आमच्यात. पण तुम्हाला कुणी अडवलं होतं?"