अध्यक्षांच्या घरी गेलेला काळा डबा

खेकड्याचे डबे घरी आले आणि हिरोबेचं डोकं फिरलं. खेकडे तसे उत्तमच होते, थेट होक्काइदोचे, चांगली जड पेटी. पण ते जायला हवे होते त्याच्या साहेबांच्या, कुरिमोतोंच्या घरी. डिसेंबर लागला की साहेबांकडे भेट धाडायची, ही ओसाकातली रीत काही आजची नाही. आता साहेबांची भेट इथं आली, तर इथं यायचं होतं ते गेलं कुठं?

"इथं काय यायचं होतं?" हिरोबेनं बायकोला विचारलं.

चिझुको बराच वेळ एकच कप पुसत राहिली. "रागावणार नसाल तर सांगते."

"रागावलोच आहे. सांग."

"तो काळा डबा."

हे ऐकून हिरोबेला झीट कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आम्ही दोघं तोकिवा कंपनीतले. तो वर आराखड्यांच्या विभागात, मी खाली दुरुस्तीत. हिबारी हे गेम खेळायचं यंत्र आमच्या कंपनीनं काढलेलं. हिबारी म्हणजे चंडोल. पांढराशुभ्र, आटोपशीर, आणि पोरांचा असा लाडका की बिघडला तर काही पोरं तो दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे आणायची. आणि काळा डबा म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचं गेमचं यंत्र. त्यावरचे गेम हिबारीच्या नखाची सर येणारे नव्हते, हे त्यांचीच माणसं खासगीत कबूल करायची. पण त्याच्यात सिनेमाची तबकडी चालायची. नुसतं सिनेमाचं यंत्र घ्यायला जावं तर ते डब्याहून महाग. झालं. ज्यांनी जन्मात गेम खेळला नाही त्या आज्यासुद्धा काळा डबा उचलून नेऊ लागल्या. नव्या हिबारीतही सिनेमा चालवू या, असं हिरोबेनं तीनदा लिहून दिलं आणि तिन्ही वेळा कुरिमोतो म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही'. हिबारी ठेवायचा की बंद करायचा हे आता नव्या वर्षाच्या तोंडावर अध्यक्ष मिनेगिशी ठरवणार होते. त्याआधी कुरिमोतोंनी आपला आराखडा त्यांच्यापुढं ठेवावा, एवढ्या एका आशेवर हिरोबे दिवस काढत होता.

"माझ्या घरात तू तो डबा आणणार होतीस?"

"आईंना सिनेमा बघायचाय. बाबांबरोबर पाहिलेला, लग्नाआधीचा. त्याची तबकडी मिळाली. ती लावू कशावर? तुमच्या हिबारीवर?"

"हिबारीचं नाव काढू नकोस."

"नाही काढत. तबकडी पण डब्याबरोबरच बांधून दिली होती दुकानानं."

आतल्या खोलीतून हिरोबेची म्हातारी आई म्हणाली, "मी म्हटलंच होतं, त्याला सांगू नकोस. बापावर गेलाय. उगाच भडकतो."

हिरोबेनं त्या मोठ्या दुकानाला फोन लावला; खेकडेही तिथलेच होते. दोन्ही पेट्या एकाच गल्ल्यावर बांधल्या गेल्या होत्या आणि तिथल्या मुलीनं वरच्या पत्त्यांची अदलाबदल केली होती. फोनवरचा माणूस कळवळून गेला. "आमची चूक झाली, साहेब. आमचे व्यवस्थापक आत्ता कुरिमोतोसाहेबांच्या घरी जातील, पाया पडून माफी मागतील आणि तुमचा गेमचा डबा परत आणतील."

"जागचे हलू नका."

"पण माफी तर मागायलाच हवी, साहेब."

"माझी मागा. फोनवरच. मागितलीत ना? झालं. आता त्या घराकडे कुणी फिरकलं तर याद राखा."

एक गोष्ट मात्र हिरोबेच्या बाजूची होती. भेट देणाऱ्यासमोर उघडायची नसते, आणि मोठ्या माणसाच्या घरी डिसेंबरात भेटींचा असा ढीग लागतो की निम्म्या पेट्यांची गाठ जानेवारीपर्यंत सुटत नाही. त्यानं खेकडे काखोटीला मारले आणि कुरिमोतोंचं घर गाठलं.

दार कुरिमोतोवहिनींनी उघडलं. "अहो हिरोबे, तुमची भेट परवाच पोचली. केवढी जड. कशाला एवढा त्रास घेतलात?"

"त्यात जरा घोटाळा झालाय, वहिनी. तुमची भेट ही."

"आणखी एक? छे, छे, नको."

"आणखी नाही. तिच्याऐवजी."

"किती हो तुम्ही करता. बरं, आग्रहच आहे तर." वहिनींनी खेकडे घेतले आणि आत नेऊन ठेवले. बदल्यात काही बाहेर येण्याचं चिन्ह दिसेना.

तेवढ्यात कुरिमोतो आले. "काय हिरोबे, यंदा दोन दोन भेटी? हे बघ, आराखड्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस."

हिरोबेचा संयम सुटला. जे आमच्याकडे मरताना सुद्धा कुणी विचारत नाही ते त्यानं विचारलं. "साहेब, पहिली पेटी उघडलीत का?"

वहिनींचे कान लाल झाले. साहेबांनी छताकडे पाहिलं.

"त्याचं असं आहे," साहेब म्हणाले, "पेटी फार भारी वाटली. आम्हा दोघांना कशाला एवढं? म्हटलं, अध्यक्षांचा मान आहे."

"अध्यक्षांना पाठवलीत?"

"वरचा नावाचा कागद तेवढा बदलला. का रे? काय होतं त्यात?"

"काळा डबा."

कुरिमोतो दारातल्या पायरीवर खाली बसले. "माझ्या नावानं?"

"तुमच्या नावानं."

"हिरोबे, तू जा. उघडला नसेल अजून. काहीही सांग आणि घेऊन ये. मी आलो असतो, पण मला बरं नाही."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

आशिया नावाच्या शेजारच्या गावी अध्यक्षांच्या बंगल्यावर जाईपर्यंत हिरोबेच्या कानशिलातून वाफा निघत होत्या. डब्याचा राग आता मागे पडला होता. वर्षभर त्याचा आराखडा एक मजला वर चढला नाही. आणि न उघडलेली पेटी दोन दिवसांत थेट अध्यक्षांच्या माजघरात. या कंपनीत वर काही न्यायचं असेल तर ते छान कागदात बांधावं आणि आत काय आहे ते कुणाला सांगू नये, असं तो रस्ताभर पुटपुटत होता. रिकाम्या हातानं जाणं बरं नव्हे म्हणून त्यानं वाटेत संत्री घेतली, आणि ती घेतानाही फळवाल्याशी भांडला.

पेटी उघडलेली होती. अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी ऊबेच्या मेजाखाली पाय घालून बसले होते, समोर टीव्हीवर कृष्णधवल सिनेमा चालला होता आणि बाई रुमालानं डोळे टिपत होत्या. टीव्हीखाली काळा डबा ऐटीत बसला होता.

"ये, ये," अध्यक्ष म्हणाले. त्यांची नजर पार अधू झालेली. "आराखड्यांकडचा ना तू? कुरिमोतोनं नवा हिबारी पाठवलाय बघ. नातवानं जोडून दिला आणि गेला. सिनेमा दिसतो रे याच्यात. फक्त रंग का बदललात? पांढरा बरा होता."

हिरोबेला नुसतं "हो साहेब" म्हणायचं होतं. दोन शब्द. हिबारी वाचला असता, निदान काही दिवस. पण तो पेटलेला होता. काळ्या डब्याला कुणी हिबारी म्हणावं, हे त्याच्यानं सोसवेना.

"साहेब, हा हिबारी नाही. हा त्यांचा डबा आहे."

बाईंनी टिपायचं थांबवलं. अध्यक्षांनी डबा जवळ ओढून पाठीवरून बोट फिरवलं, जणू नाव बोटाला वाचता येणार होतं.

"मग आपण का नाही केला असा?"

"मी तीनदा लिहून दिलं होतं."

"कुणाला?"

"कुरिमोतोसाहेबांना. त्यांना वाटलं, तुम्ही रागावाल."

"मी? मला कुणी विचारलं तर मी रागावणार ना." पण ते रागावलेच होते. "काल कुरिमोतोनं येऊन सांगितलं, हिबारीत नवं करण्यासारखं काही राहिलेलं नाही. मी बंद करायच्या कागदावर सही केली. आज हा डबा आला. म्हटलं, काहीतरी शिल्लक आहे. उद्या सकाळी ती सही रद्द करणार होतो."

"करा, साहेब. आराखडा तयार आहे."

"यंत्र कधी तयार होईल?"

हिरोबेला खोटं बोलायची ही दुसरी संधी होती. "दीड वर्षानं."

अध्यक्षांनी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावरची बाई फलाटावर कुणाची तरी वाट बघत होती. "हा आज आहे," ते म्हणाले. "मग राहू दे सही."

हिरोबे उठला. मग त्यानं डब्याच्या वायरीला हात घातला, तर बाई म्हणाल्या, "नेताय? माझा अर्धा सिनेमा राहिलाय हो." तो परत बसला. संत्री सोलली गेली. सिनेमा संपला तेव्हा तिघंही रडत होते, तिघं तीन कारणांनी. उठताना बाई म्हणाल्या, उद्या बहिणीला बोलावलंय, डबा आणखी दोन दिवस राहिला तर चालेल ना? अध्यक्षांच्या बाईंना नाही म्हणणारा माणूस तोकिवात अजून जन्माला यायचाय. डबा राहिला, तबकडीही राहिली.

घरी म्हातारी म्हणाली, "आणला का रे?" आणि टीव्हीसमोरची आपली गादी तिनं थोडी पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी हिरोबे स्वतः त्या दुकानात गेला. विकणारा पोरगेलासा होता, उत्साही. त्यानं काळा डबा काढला, वर त्याच सिनेमाची तबकडी ठेवली आणि विचारलं, "सोबत गेम कुठला देऊ?"

"गेम नको."

"म्हणजे नुसता सिनेमा? बरं. पण साहेब, एक सांगू?" पोरगा गल्ल्यावरून पुढं वाकला आणि आवाज खाली आणला. "घरात कुणाला गेम खेळायचे असतील ना, तर तो पांढरा न्या, हिबारी. त्याला तोड नाही. का कुणास ठाऊक, लोक घेतच नाहीत."

हिरोबेनं शेजारच्या फळीवरच्या हिबारींकडे पाहिलं. त्यांच्यावर आधीच निम्म्या किमतीची चिठ्ठी लागली होती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "हा बांध. आणि पत्ता नीट लिही."